नावलेक

"नाव दे गं हिला. बिननावाची गेली, तर पलीकडचे तिला हाक कशी मारतील?"

बत्तीस वर्षं झाली, तरी रोझेलाचा तो आवाज डेल्फीनच्या कानातून गेला नाही. मोठा नव्हताच तो. वाळल्या पानावरून मुंगी चालत जावी, एवढाच. मोठ्या सरोवराकाठच्या शहरातलं इस्पितळ, सकाळची वेळ, खिडकीबाहेर बर्फाची भिंत. काचेच्या पेटीत ओंजळीएवढी पोर, नाकात नळी, रडायचंही बळ नसलेली. डेल्फीन तिथं चादरी बदलायच्या कामाला होती. वय सव्वीस. त्या अख्ख्या मजल्यावर त्यांच्या आदिवासी लोकांतल्या दोघीच होत्या. एक खाटेवरची आणि एक चादरी बदलणारी.

"मी कोण नाव देणारी? म्हाताऱ्या माणसांचं काम ते," डेल्फीन म्हणाली होती.

"म्हातारं माणूस आणायला वेळ कुठाय? इथं आपलं दुसरं कोण आहे, तूच सांग." आणि रोझेलानं उशीखालून चिमूटभर तंबाखू काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

तंबाखू तळव्यावर आली की नाही म्हणता येत नाही. डेल्फीननं काचेला कपाळ टेकलं. पोर हलत नव्हती, पण जातही नव्हती. वादळात होडीच्या तळाशी बाई बसावी, तशी तोल सांभाळून पडून होती. नाव आपणच ओठांवर आलं. बिझानबीक्वे, स्वस्थ बसून राहणारी. डेल्फीननं ते चार दिशांना चारदा म्हटलं आणि पाचव्यांदा पेटीच्या खिडकीतून हात घालून पोरीच्या पायाच्या अंगठ्याला बोट लावून म्हटलं.

पोर जगली. रोझेला मात्र चार दिवसांनी गेली. सातव्या दिवशी सरकारी कचेरीतली एक बाई कागद घेऊन आली, आणि शहरातल्या एका बिनमुलांच्या घरासाठी पोरीला निळ्या दुपट्यात गुंडाळून घेऊन गेली. डेल्फीन जिन्यापाशी चादरींची चळत छातीशी धरून उभी होती. 'ही माझी नावलेक आहे,' एवढंच म्हणायचं होतं. ऐकलं असतं की नसतं, कोण जाणे. पण तिनं म्हटलंच नाही. घरी दोन लेकरं, एक आजारी सासू आणि एकच खोली होती. ती चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत राहिली.

त्यांच्यात नाव ठेवणं म्हणजे बारशाला येऊन जेवून जाणं नव्हे. नाव देणाऱ्याच्या अंगातलं थोडं त्या लेकरात जातं असं मानतात. पुढं लेकरू पडलं तर याचा गुडघा दुखावा, लेकरू उपाशी असलं तर याला घास उतरू नये. दर हिवाळ्यात त्याची विचारपूस करायची, त्याच्या नावानं ताट वाढायचं. आईबाप मुलाला वाढवतात, पण ते ज्याच्या हवाली असतं तो नाव देणारा.

सात वर्षांपूर्वी एक पंचविशीची मुलगी आईची कबर शोधत वस्तीवर आली. कार्लीन नाव, आडनाव रोझेलाचं परत घेतलेलं, फाइनडे. डेल्फीननं तिला दुकानाच्या दारात पाहिलं आणि पिठाची पिशवी तिच्या हातातून सुटली. उद्या जाऊ, असं तिनं ठरवलं. सोबत कालवणाचं भांडं न्यायचं आणि सगळं सांगायचं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी सुनेचं पोट दुखत होतं. लाजेचं असं असतं, की पहिल्या दिवशी ती घोट्याएवढी असते, पार करता येते. वर्षभरानं तीत माणूस बुडतं.

मुलगी मात्र राहिली. उतारावरच्या चाकांच्या जुन्या घरात भाड्यानं राहिली, आणि वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या लिओटाआजीच्या होडीत बसून तळ्यातलं धान झोडायला शिकली.

या लोकांचं सगळं त्या धानावर. मनोमिन म्हणतात त्याला. कुणी पेरत नाही, कुणी खत घालत नाही. तळ्याच्या पाण्यातून आपणच उगवतं, माणसाच्या डोक्याच्या वर जातं. ऑगस्टच्या शेवटी एक जण होडी लांब काठीनं रेटतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या होडीत वाकवून झोडतो. अर्धं होडीत पडतं, अर्धं पाण्यात. पाण्यात पडलेलं ते पुढच्या वर्षाचं. पण तळ्यात होड्या कधी उतरायच्या, हे ज्याचं त्यानं ठरवायचं नसतं. त्यासाठी एक राखणदार असतो. तो रोज दाणा दातांत धरून पाहतो, आणि त्यानं हात वर केल्याशिवाय कुणी झोडायला होडी लोटायची नाही.

चार वर्षांपूर्वी वस्तीच्या तेव्हाच्या प्रमुखानं आपल्या मेव्हण्याला राखणदार केलं. मेव्हणा वाईट नव्हता. पण प्रमुखाच्या मुलांना शहरात कामावर परतायचं होतं, आणि बहिणीचं मन मोडवेना. त्यानं कासवतळं पाच दिवस आधी उघडलं. दाण्यांत अजून दूध होतं. काठ्या बसल्या तशा लोंब्या पिचल्या, ओल्या धानाला भट्टीत जायच्या आधीच बुरशी लागली, आणि पाण्यात जे पडलं ते उगवायच्या कामाचं नव्हतं. पुढच्या ऑगस्टला कासवतळ्यात नुसतं आभाळ दिसत होतं. म्हातारी माणसं काठावर येऊन बसायची आणि उठून जायची.

"पोटच्या पोरांसाठी केलं हो मी, दुसऱ्या कशासाठी नाही," तो प्रमुख सगळ्यांना सांगत फिरायचा. ते खरंच होतं, आणि म्हणूनच कुणाला काही बोलता येत नव्हतं.

डेल्फीन त्या वर्षी पंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली. तिचं बोलणं एकच होतं. ज्याचं ज्याच्याशी नातं असेल, त्यानं त्याच्या निवडीच्या वेळी खोलीबाहेर जायचं. लोकांनी तिला निवडून दिलं. शहरातल्या एका वकिलानं नियम लिहून दिला. पहिल्या पायरीचे नातेवाईक, दुसऱ्या पायरीचे, तिसऱ्या पायरीचे. सोबत भरायचा फॉर्मही होता.

पाच जणांच्या पंचायतीच्या पहिल्याच बैठकीत त्या नियमाची फजिती झाली. विषय साधा होता. सिबिलबाईंचं छप्पर गळत होतं, ते आधी दुरुस्त करायचं की नाही. नवा प्रमुख क्लेटन, माणूस सरळ पण घाईचा, म्हणाला, "ज्यांचं नातं असेल त्यांनी बाहेर व्हा."

"माझी आत्या," म्हणत मर्ल उठला.

"माझ्या आईची बहीण, म्हणजे आईच," बर्नाडेट म्हणाली.

"आमच्याच कुळाची, म्हणजे माझी थोरली बहीण," म्हणत रेनंही खुर्ची सरकवली. डेल्फीनच्या नवऱ्याला त्या बाईंनी अंगावर पाजलं होतं, म्हणून तीही उठली. क्लेटननं थोडा विचार केला, मग चष्मा काढून खिशात ठेवला. "माझी आजी लागते की रे."

पाचही जण बाहेर कॉफीच्या यंत्राजवळ उभे. आत एकटी चिटणीस, वही उघडी ठेवून बसलेली.

मर्लनं दारातून आत डोकावलं. "ठराव कर बाई तूच. तू एकटीच परकी आहेस."

"मी तिची सून आहे," चिटणीस म्हणाली.

त्यानंतर सहा आठवडे अख्खी वस्ती त्या फॉर्मवर खल करत बसली. इथं कुणी कुणाचा नाही असं नाहीच, मग रेघ ओढायची कुठं? शेवटी ठरलं की एका चुलीवर जेवणारे घ्यायचे, रक्ताचे तिसऱ्या पायरीपर्यंतचे घ्यायचे, आणि लग्नाचे. पेन्सिल डेल्फीनच्या हातात होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून मणी ओवता ओवता लिओटाआजी म्हणाली, "आणि नावाचे?"

"म्हणजे कसे, आजी?" क्लेटननं विचारलं.

"ज्यानं नाव ठेवलं तो. तो तर आईबापाहून जवळचा. नावलेकीसाठी माणूस तळं आटवेल."

डेल्फीननं ओळ लिहिली. मग म्हणाली, "यादी फार लांबेल आजी. पुन्हा सगळे कॉफीजवळ उभे." लोक हसले. हसण्याच्या आडोशानं तिनं त्या ओळीवर रेघ मारली. लिओटाआजी हसली नाही. सुई हवेत धरून तिनं डेल्फीनकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पुन्हा मणी ओवू लागली.

नियम चांगला चालला. तीन वर्षांत वस्तीला सवय झाली. लहान पोरंसुद्धा खेळात भांडण झालं की म्हणायची, "तू त्याचा भाऊ, तू बाहेर हो." कासवतळ्यात दुसऱ्या तळ्यातलं बी आणून टाकलं होतं. यंदा काठाकाठानं हिरवी दाढी उगवावी तसं धान दिसू लागलं होतं. आणि याच वर्षी राखणदाराची जागा रिकामी झाली.

अर्ज दोन आले. एक वेंडेलचा. वय पंचेचाळीस, भरवशाचा, लहानपणापासून होडीत. दुसरा कार्लीनचा.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी डेल्फीन कासवतळ्याकडं गेली. कशाला गेली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. कार्लीन होडीत होती. तिनं काठी रोवून होडी काठाला आणली.

"या मावशी, बसा. पण हलू नका फार, ही होडी नखऱ्याची आहे."

डेल्फीन बसली. होडी धानात शिरली तशी दोन्ही बाजूंनी पाती खसखसली. कार्लीन एक लोंबी वाकवायची, एक दाणा काढायची, दातांखाली धरायची आणि थुंकायची. मग दहा हात पुढं जाऊन पुन्हा तेच. मध्येच लिओटाआजीकडून शिकलेलं काहीतरी गुणगुणायची.

*पाण्याच्या पोटी गं, उभं सोन्याचं हे रान,*
*वारा मागतो वाटा, पाणी मागतं गं दान.*
*उरलं ते माझं बाई, उरलं ते घरादारा,*
*आधी पाखरांची पंगत, मग माझा गं पसारा.*

"किती दिवस आहेत अजून?" डेल्फीननं विचारलं.

"या बाजूला सहा. तिकडं सावलीत आठ. पण मी असते तर यंदा उघडलंच नसतं."

डेल्फीननं मान वर केली. "लोक तुला मत कसं देतील मग? तीन वर्षं थांबलेत ते."

"मत हवंय म्हणून खोटं कसं बोलू? हे लहान मूल आहे मावशी. नुकतं उभं राहिलंय. याच्याकडून यंदा पाणी भरून घ्यायचं का?" तिनं काठी पाण्यात रेटली. "वेंडेलदादा म्हणतो अर्धं उघडू. तोही चुकीचं नाही बोलत. त्याला निदान लोकांची तोंडं ओळखता येतात. मला अजून इथले निम्मे विनोद कळत नाहीत."

"निम्मे मर्लचे असतात. ते कुणालाच कळत नाहीत."

कार्लीन हसली. हसताना रोझेलासारखा तिचा वरचा ओठ एका बाजूला वर गेला. डेल्फीननं नजर पाण्यात बुडवली.

"एक मात्र बरंय माझं," कार्लीन म्हणाली. "माझ्या निवडीला कुणाला उठून बाहेर जावं लागत नाही. माझा फॉर्म दोन मिनिटांत भरून होतो. सगळीकडं 'कोणी नाही', 'कोणी नाही'. चिटणीसताई म्हणाली, एवढा स्वच्छ फॉर्म वस्तीत दुसरा नाही." ती हे हसतच म्हणाली, पण हातातली लोंबी सोडायला विसरली.

डेल्फीनच्या घशाशी शब्द आले. बत्तीस वर्षांचे शब्द, एकावर एक घडी घातलेले.

"आणि मावशी, एक विचारायचं होतं. निवड होऊन जाऊ दे, मग रीतीनं तंबाखू घेऊन येईन. मला नाव नाहीये. आपलं, इथलं. लिओटाआजीला विचारलं, तर ती म्हणाली मी नाही देणार, जिचं काम आहे तिच्याकडं जा. कुणाचं काम, ते काही सांगत नाही. मला आपलं वाटलं, तुम्हाला विचारावं."

तिरावरून काळ्या पाखरांचा थवा उठला आणि पुन्हा धानात बसला.

"बघू," डेल्फीन म्हणाली. "आधी निवड होऊ दे."

घरी आल्यावर तिनं बैठकीचा फॉर्म भरला. रक्ताचं नातं, नाही. लग्नाचं, नाही. एका चुलीवरचं, नाही. खाली सही केली. एकही अक्षर खोटं नव्हतं. सही मात्र नेहमीपेक्षा वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचं सभागृह भरलं होतं. पंखा फिरत होता, टेबलावर कॉफी आणि तळलेल्या भाकरीची परात होती. मागच्या बाकावर वेंडेल टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्याशेजारी एक जागा सोडून कार्लीन होती, आणि कोपऱ्यात लिओटाआजी मण्यांचं डबडं घेऊन बसलेली.

मतांचा हिशेब सगळ्यांना पाठ होता. मर्ल आणि रे वेंडेलकडचे, बर्नाडेट आणि डेल्फीन कार्लीनकडच्या. दोनदोन झाली की क्लेटनचं मत, आणि क्लेटन परवा दुकानात बोललाच होता, "पोरगी हुशार आहे, पण वेंडेलचा हात बसलेला आहे." म्हणजे वेंडेल होणार. डेल्फीनला रात्रभरात तेवढाच काय तो आधार वाटला होता. आपल्या मतानं काही घडणारच नाही, तर मग सांगायचं तरी कशाला?

क्लेटननं चष्मा लावला. "फॉर्म सगळ्यांचे आलेत. नातं कुणाचं कुणाशी नाही. तर मग..."

"थांब जरा," मर्ल म्हणाला.

मर्ल हा डेल्फीनचा आतेभाऊ. आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची, ही त्यांच्यातली रीत, आणि मर्लनं ती जन्मभर धर्मासारखी पाळलेली. तो उठला तशी माणसं आधीच हसायला लागली.

"भाकरी संपली म्हणून उठलास का?" डेल्फीन म्हणाली.

"तुझ्यासमोरची परात रिकामी बघून उठलो, मामेबहिणी. दुसऱ्यांच्या पोटाचा विचार करतो मी." मग त्यानं टेबलाची कड धरली. हसणं आपोआप विरलं. "तो फॉर्म मी तीनदा वाचला. पाठपोट वाचला. मला पाहिजे ती ओळ त्यात नाही."

"कसली ओळ?" क्लेटननं विचारलं.

"माझा पोरगा डेल बुडाला, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. पुढच्या वर्षी त्याच्या नावच्या जेवणावळीत वेंडेलच्या बापानं याचा हात धरून माझ्या शेजारी बसवलं. म्हणाला, हा घे, तुझी जागा रिकामी नको. तुम्ही सगळे जेवलात त्या दिवशी. रे, तू तर तीनदा घेतलंस. तेव्हापासून हा मला लाकडं फोडून देतो. तेव्हापासून हा माझा मुलगा."

"रक्ताचा नव्हे ना पण," क्लेटन हळू म्हणाला. "नियमात नाही बसत ते, मर्ल. तू राहू शकतोस."

"रक्ताचा तळ्यात गेला." मर्लनं टोपी डोक्यावर ठेवली. "नियमात बसत नाही, पण माझ्यात बसतं. मी इथं राहिलो तर माझं मत कासवतळ्याला जाणार नाही. ते डेलला जाईल. वेंडेल चांगला आहे, पण तो चांगला आहे हे सांगणारा मी नको."

मागच्या बाकावर वेंडेलनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते, पण तो हसत होता. बापाचा अभिमान वाटणाऱ्या पोरासारखं.

दारापाशी जाताना मर्ल डेल्फीनच्या खुर्चीमागं थांबला. "तुझ्या नियमानं माझ्या पोराची जागा घालवली बघ. आता परत आल्यावर भाकरी तरी ठेव." आणि तो गेला. बाहेर कॉफीच्या यंत्राचा घरघराट ऐकू आला.

बर्नाडेटनं टेबलाखालून डेल्फीनचा हात दाबला आणि ओठ न हलवता म्हणाली, "दोनास एक. पोरगी आली निवडून."

आली खरी. क्लेटनच्या मताची पाळीच येणार नव्हती. डेल्फीननं नुसता हात वर करायचा होता. आणि ते चूक होतं का? काल होडीत तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या तळ्याला ह्या मुलीसारखी राखणदारीण मिळणार नव्हती. यात तळ्याचं भलं होतं, पोरीचं भलं होतं, कागदावर काही खोटं नव्हतं. कुणाचं वाईट होत होतं?

मग तिला तो जुना प्रमुख आठवला. पोटच्या पोरांसाठी केलं हो मी. त्यालाही ते भलंच वाटलं होतं. कोण बरं आपलं माणूस वाईट आहे म्हणून पुढं ढकलतं? आणि मर्लनं मोकळी केलेली खुर्ची समोर होती, जरा तिरकी सरकलेली. त्या खुर्चीवर पाय ठेवून आपण आपल्या लेकीला वर चढवणार.

ती उठली तर उरणार रे आणि बर्नाडेट. एकास एक. मग क्लेटन, आणि क्लेटनचा कल सगळ्यांना ठाऊक. ती उठली तर पोरीची जागा जाणार. त्याहून पुढचंही तिला दिसत होतं. पोरगी विचारणार, सात वर्षं तुम्ही कुठं होता मावशी? त्याआधीची पंचवीस वर्षं कुठं होता? जिन्यापाशी चादरी धरून, हे उत्तर देताना तिच्याकडं बघावं लागणार.

"तर हात वर करायचे," क्लेटन म्हणाला. "वेंडेलसाठी?"

रेचा हात वर गेला.

"कार्लीनसाठी?"

बर्नाडेटचा हात वर गेला. सगळ्यांचे डोळे डेल्फीनवर. कोपऱ्यात लिओटाआजीची सुई थांबली.

डेल्फीनचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडून होते. तिनं ते उचलले, पण वर नेले नाहीत. त्यांच्या आधारानं ती उठून उभी राहिली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज सभागृहभर झाला.

"मलाही बाहेर जायचंय," ती म्हणाली.

"का?" क्लेटन गोंधळला. "तुझा फॉर्म तर..."

"फॉर्म बरोबर आहे. त्यात एक ओळ होती, ती मीच खोडली. लिओटाआजी सांगत होती, मी ऐकलं नाही. यादी लांबेल म्हणाले. यादी लांबत नव्हती, माझीच एक ओळ होती ती. आज बैठक संपायच्या आत ती पुन्हा लिहा, आणि माझं नाव पहिलं घाला."

बर्नाडेटनं वर केलेला हात हळूच खाली घेतला.

डेल्फीन टेबलाला वळसा घालून निघाली. दार उजवीकडं होतं. ती डावीकडं, मागच्या बाकांकडं गेली. वेंडेलनं पाय आत घेऊन वाट दिली. ती कार्लीनसमोर उभी राहिली, तेव्हा कार्लीनही उठली. वडीलधारं माणूस उभं असताना बसू नये, एवढं ती इथं शिकली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. तिला वाटलं असावं, काल होडीत आपण काही चुकीचं बोललो.

"मावशी, काय झालं?"

"मी मत देऊ शकत नाही तुला," डेल्फीन म्हणाली. आवाज तिनं चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तंबाखू घेऊन माझ्याकडं येऊ नकोस, पोरी. ती तुझ्या आईनं केव्हाच आणून दिली. तू काचेच्या पेटीत होतीस. तुझं नाव बिझानबीक्वे. ते मी ठेवलं. तुला घेऊन गेले तेव्हा मी तिथंच उभी होते आणि गप्प राहिले. तू परत आलीस तेव्हाही गप्प राहिले. माझं नातं आहे तुझ्याशी. तू माझी नावलेक आहेस."